अनुदानाचा हिशेब आणि अंतर्गत नियंत्रण : सुरत महानगरपालिकेच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांसाठी अनुदानाची योजना आणली. तेव्हापासून अशा महाविद्यालयांतील अनेक अध्यापकांना 'उपयोगिता प्रमाणपत्र' हा शब्द चांगलाच परिचयाचा झाला आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २३८ अन्वये हे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. अनुदानित स्वायत्त संस्थांसाठी त्याचा नमुना १२-अ असा आहे. या नमुन्यात रकमांचा तक्ता भरण्याकडे सर्वांचे लक्ष असते. त्याखाली जी विधाने छापलेली असतात ती मात्र क्वचितच वाचली जातात. सार्वजनिक निधी व मालमत्ता सुरक्षित राखण्यासाठी, खर्चाच्या प्रमाणात प्रत्यक्ष उद्दिष्टे गाठली जातात की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी संस्थेत अंतर्गत नियंत्रणे अस्तित्वात आहेत व त्यांचे वेळोवेळी मूल्यमापन केले जाते, अशा आशयाचे एक विधान त्यात आहे. त्याखाली वित्तप्रमुख व संस्थाप्रमुख अशा दोघांच्या सह्या होतात.

म्हणजे सही केवळ आकड्यांवर होत नाही. ते आकडे ज्या व्यवस्थेतून आले त्या व्यवस्थेची हमी त्या सहीने दिली जाते. हे विधान खरे ठरण्यासाठी कार्यालयात नेमके काय असावे लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. महाविद्यालयाच्या काही लाखांच्या अनुदानात हा प्रश्न लहान दिसतो. शेकडो कोटींची अनुदाने हाताळणाऱ्या महानगरपालिकेत तो स्पष्टपणे दिसतो. यास्तव येथे सुरत महानगरपालिकेचे उदाहरण घेतले आहे.

अंतर्गत नियंत्रण : संकल्पना

अंतर्गत नियंत्रण आणि लेखापरीक्षण या दोन गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. वस्तुतः लेखापरीक्षण हे व्यवहार झाल्यानंतर, बहुधा वर्षाअखेरीस केले जाते. अंतर्गत नियंत्रण व्यवहार होत असतानाच काम करते. तिजोरीला दोन किल्ल्या ठेवणे आणि त्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे देणे हे नियंत्रण होय. महिन्याअखेरीस तिजोरीतील रक्कम मोजून पाहणे ही तपासणी होय.

अमेरिकेतील 'कोसो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने १९९२ मध्ये अंतर्गत नियंत्रणाची एक चौकट मांडली व २०१३ मध्ये ती सुधारली. त्या चौकटीत पाच घटक सांगितले आहेत : (१) नियंत्रणाचे वातावरण, (२) जोखमीचा अंदाज, (३) नियंत्रणाच्या प्रत्यक्ष कृती, (४) माहिती व संवाद, आणि (५) देखरेख. सोप्या भाषेत सांगायचे तर वरिष्ठांची नियत, चूक कोठे होऊ शकते याची जाण, ती टाळण्याची ठरलेली रीत, योग्य माणसाला योग्य वेळी माहिती, आणि ही रीत चालू आहे की नाही हे पाहणारा डोळा, असे हे पाच घटक आहेत. यांतील एक जरी निसटला तरी उरलेले चार कागदावरच राहतात.

सुरत : थोडी पार्श्वभूमी

सुरत नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली व १९६६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. शाहजहानच्या कारकिर्दीत यात्रेकरू व प्रवाशांसाठी बांधलेल्या सराईत, म्हणजे मुगलीसरा येथे, १८६७ मध्ये पालिकेचे कार्यालय आले. १ मे १९६० पूर्वी सुरत मुंबई राज्यात होते. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हाच कायदा पुढे नावात बदल होऊन महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये स्वतंत्रपणे चालू राहिला. त्यामुळे सुरतच्या कारभाराची रचना पुणे, सोलापूर किंवा मालेगाव येथील अध्यापकांना परकी वाटणार नाही. आयुक्त, स्थायी समिती आणि मुख्य लेखापरीक्षक ही तीच रचना तेथेही आहे. मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीला देतो. हिशेब लिहिणारा लेखा विभाग आयुक्तांच्या हाताखाली असतो. हिशेब लिहिणारा आणि तो तपासणारा हे वेगळे असावेत, हे तत्त्व १९४९ च्या कायद्यातच अंतर्भूत आहे.

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या साथीनंतर सुरतच्या प्रशासनात मोठा बदल झाला. १९९५ मध्ये आयुक्तपदी आलेल्या एस. आर. राव यांनी शहराची सहा झोनमध्ये विभागणी केली आणि झोनप्रमुखांना प्रशासकीय व आर्थिक अधिकार दिले. कचरा व सांडपाण्याच्या कामांत निर्णय जागच्या जागी होऊ लागले. शहर स्वच्छ झाले त्यामागे हे कारण प्रामुख्याने सांगितले जाते.

तथापि अधिकारांच्या या विकेंद्रीकरणाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. खर्चाचा अधिकार जेव्हा एका टेबलावरून सहा टेबलांवर जातो तेव्हा एकाच अनुदानाची देयके सहा ठिकाणी तयार होतात. दिल्लीला पाठवायचा अहवाल मात्र एकच असतो. सहा ठिकाणच्या नोंदी एका अहवालात जशाच्या तशा उतरण्यासाठी प्रत्येक झोनमध्ये खर्चाचे शीर्ष, योजनेचा क्रमांक आणि नोंदीची पद्धत एकच असावी लागते. अधिकार वाटून देणे सोपे असते. नोंदीची शिस्त वाटून देता येत नाही, ती सर्वत्र सारखीच ठेवावी लागते.

हप्त्याची अट आणि तिचा ताण

३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले व त्यात सुरतचा समावेश झाला. २००१ च्या जनगणनेनुसार सुरत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. त्यामुळे ते दहा ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांच्या गटात गेले. या गटासाठी पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांत केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २० टक्के व महानगरपालिकेचा ३० टक्के असे प्रमाण होते. केंद्राचा वाटा चार हप्त्यांत येई. पहिला हप्ता २५ टक्क्यांचा असे. पुढील हप्त्यासाठी दोन अटी होत्या. आधी मिळालेल्या केंद्रीय निधीचा, तसेच राज्य व महानगरपालिकेच्या वाट्याचा, ७० टक्क्यांपर्यंत विनियोग झाल्याचे प्रमाणपत्र ही पहिली अट. ठरलेल्या सुधारणांची पूर्तता ही दुसरी. या सुधारणांमध्ये द्विनोंदी पद्धतीचे उपार्जनाधारित लेखांकनही होते.

पुढे २५ जून २०१५ रोजी आलेल्या 'अमृत' योजनेत २०, ४० आणि ४० टक्के असे तीन हप्ते ठरले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत सुरतची निवड झाली. तेथे खर्चासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. हे अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी शहरांना अनुदान देताना लेखे वेळेत ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट घातली. योजना बदलत गेल्या, पण 'आधीचा हिशेब द्या, मग पुढचा हप्ता घ्या' हे सूत्र बदलले नाही.

या सूत्रातच एक मोह दडलेला आहे. हप्ता अडला तर काम अडते. काम अडले तर नळ, गटार किंवा घर अडते. सुरतमध्ये शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवा या उपअभियानातून कोसाड येथे मोठी घरकुल वसाहत उभी राहिली. अशा ठिकाणी एक हप्ता सहा महिने उशिरा आला तर झोपडी सोडून भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला सहा महिन्यांचे भाडे पडते. साहजिकच ७० टक्क्यांचा आकडा लवकर गाठण्याचे दडपण लेखापालावर येते. हे दडपण बहुधा वाईट हेतूने येत नाही. काम पुढे न्यावे हाच त्यामागचा हेतू असतो. अंतर्गत नियंत्रणाची खरी कसोटी अशाच वेळी लागते.

खर्च आणि खर्चाचा आभास

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एखाद्या शहरात १०० कोटी रुपयांचा जलनिःसारण प्रकल्प आहे. केंद्राचा वाटा ५० कोटी व त्याचा पहिला हप्ता १२.५० कोटी. पुढील हप्त्यासाठी यातील ७० टक्के, म्हणजे ८.७५ कोटी रुपये खर्च झालेले असावे लागतात. रोकडवहीत केंद्रीय अनुदानातून ९.२० कोटी रुपये गेल्याचे दिसते. म्हणजे ७३.६ टक्के. प्रमाणपत्र देण्यास हरकत दिसत नाही.

आता या ९.२० कोटींची फोड करू. त्यात ठेकेदाराला दिलेला व अद्याप वसूल न झालेला अग्रिम ६० लाख रुपये आहे. विजेचे खांब हलवण्यासाठी वीज कंपनीकडे भरलेले २५ लाख रुपये आहेत, पण ते काम सुरू झालेले नाही. १५ लाखांचे एक देयक राज्याच्या दुसऱ्या योजनेतही खर्ची टाकले आहे. या तिन्ही रकमा मिळून एक कोटी होतात. त्या वजा जाता खरा विनियोग ८.२० कोटी, म्हणजे ६५.६ टक्के राहतो. अट पूर्ण होण्यास अजून ५५ लाखांचे काम व्हायला हवे.

येथे कोणीही पैसे खिशात घातलेले नाहीत. प्रत्येक रुपया बँकेतून रीतसर गेला आहे. तरीही ९.२० कोटींचे प्रमाणपत्र असत्य ठरेल. पैसा खात्यातून बाहेर पडणे आणि पैशाचा विनियोग होणे या दोन घटना वेगवेगळ्या आहेत. अग्रिम हा ठेकेदाराकडे असलेला पालिकेचा पैसाच असतो. त्याबदल्यात काम मोजून घेतल्यावर तो खर्च होतो. ठेव हीदेखील काम होईपर्यंत ठेवच राहते.

व्याजाचेही असेच आहे. न खर्चलेल्या अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज अनेक ठिकाणी सर्वसाधारण उत्पन्नात मिसळून जाते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २३० अन्वये केंद्राच्या अनुदानावरील व्याज लेखे अंतिम झाल्यावर भारताच्या संचित निधीत भरावयाचे असते. ते स्वतंत्र दाखवले नाही तर पुढच्या वर्षीची सुरुवातीची शिल्लक चुकते आणि ती चूक वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते.

नियंत्रणाच्या सहा जागा

वरील चुका प्रमाणपत्र लिहिताना सापडणे कठीण असते. त्या ज्या जागी जन्मतात तेथेच अडवाव्या लागतात. अशा सहा जागा पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. मंजुरीपत्राची नोंद : अनुदानाचे मंजुरीपत्र येताच त्यातील अटी, मुदती, अनुज्ञेय व अनुज्ञेय नसलेल्या बाबी एका नोंदवहीत उतरवून घ्याव्यात. मंजुरीपत्र अभियंत्याच्या फायलीत आणि हिशेब लेखा विभागात अशी स्थिती असल्यास अट मोडल्याचे दोघांनाही कळत नाही.

२. योजनानिहाय खाते व क्रमांक : प्रत्येक देयकावर योजनेचा क्रमांक पहिल्याच टेबलावर पडला पाहिजे. वर्षाअखेरीस 'हे देयक कोणत्या अनुदानात बसवावे' असा प्रश्न ज्या कार्यालयात विचारला जातो, तेथे नियंत्रण नाही असे समजावे.

३. कामांची विभागणी : काम मोजणारा, देयक मंजूर करणारा, रक्कम अदा करणारा आणि अहवाल तयार करणारा या चार व्यक्ती वेगळ्या असाव्यात. लहान कार्यालयात चार माणसे नसतील तर निदान मोजणारा व पैसे देणारा एक नसावा.

४. मूळ देयकावर शिक्का : देयक अदा होताच त्यावर योजनेचे नाव व 'रक्कम अदा' असा शिक्का मारावा. तेच देयक दुसऱ्या अनुदानात दाखवण्याचा मार्ग एवढ्या साध्या उपायाने बंद होतो.

५. मासिक ताळमेळ : रोकडवही, बँकेचे विवरण आणि अनुदान नोंदवही या तिन्हींचा ताळमेळ दर महिन्याला घ्यावा व फरकाचे कारण लिहून ठेवावे. अग्रिम व ठेवींची यादी याच वेळी वेगळी काढावी. बारा महिन्यांचा ताळमेळ मार्चमध्ये एकदम घेणे म्हणजे ताळमेळ जुळवणे होय, घेणे नव्हे.

६. मोजमाप पुस्तिका व जागेवरील पाहणी : मोजमाप पुस्तिकेत जेवढी नलिका टाकल्याची नोंद आहे तेवढी जमिनीत आहे का, याची पाहणी त्या कामाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने करावी. पूर्ण झालेले काम मत्ता नोंदवहीत चढवावे. नियम २३८ ला केवळ खर्चाचा आकडा पुरत नाही. ठरलेली उद्दिष्टे साध्य झाली का, आणि नसल्यास का नाही, हेही त्यात अपेक्षित आहे.

लाभार्थ्यांची माहिती

अनुदानाचा अहवाल केवळ पैशाचा नसतो, माणसांचाही असतो. घरकुल योजनेत घर फुकट द्यायचे नाही, लाभार्थ्याने किमान १२ टक्के व अनुसूचित जाती, जमाती आणि अन्य दुर्बल घटकांनी १० टक्के वाटा द्यायचा, असा नियम होता. हा लोकांचा पैसा अनुदानापासून वेगळा ठेवणे आवश्यक होते.

जून २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या नव्या पंधरा कलमी कार्यक्रमात अल्पसंख्याकांची वस्ती असलेल्या झोपडपट्ट्यांच्या सुधारणेचे कलम होते. त्यात या नागरी अभियानाचाही उल्लेख होता. निधी त्या वस्त्यांपर्यंत पोहोचला की नाही, हे सांगण्यासाठी कामाची नोंद वस्तीनिहाय असावी लागते. अर्ज घेताना किंवा अंदाजपत्रक करताना ही माहिती लिहिली गेली नाही तर अहवालाच्या दिवशी ती अंदाजाने भरली जाते. मग आकडा असतो, पण त्यामागे वस्ती नसते. उपेक्षित घटकांना न्याय मिळाला की नाही हा वाद पुष्कळदा याच कारणाने निष्फळ ठरतो, कारण दोन्ही बाजूंकडे नोंद नसते.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हेच आहे. सुरतची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीसह मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. अशा ठिकाणी पुस्तके किंवा वर्गखोल्यांवरचा खर्च माध्यमनिहाय व शाळानिहाय लिहिला गेला, तरच कोणत्या मुलांपर्यंत काय पोहोचले हे सांगता येते.

संगणकीकरणाची मर्यादा

१ जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांसाठी प्रत्येक राज्यात योजनानिहाय एकच नोडल संस्था व एकच खाते ही पद्धत लागू झाली. खालच्या संस्थांना शून्य शिल्लक खात्यातून गरजेपुरती रक्कम काढता येते व प्रत्येक व्यवहार सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीत दिसतो. पैसे बँकेत पडून राहणे व व्याजाचा घोळ यांवर यामुळे बराच आळा बसतो. परंतु संगणक रुपयाचा प्रवास दाखवतो, सिमेंटचा नाही. मोजमाप पुस्तिकेतील चुकीची नोंद संगणकात तितक्याच सुबकपणे चढते. यास्तव तंत्रज्ञान आल्याने वरील सहा जागांपैकी काहींचे काम हलके होते, पण सहावी जागा माणसालाच सांभाळावी लागते.

केवळ बाहेरच्या तपासणीवर विसंबणेही पुरेसे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२-१३ च्या अहवाल क्रमांक १५ मध्ये नेहरू अभियानाचे देशव्यापी कामगिरी लेखापरीक्षण मांडले. तोपर्यंत अभियानाची मूळ सात वर्षांची मुदत संपली होती. अमेरिकेत १९८४ च्या एकल लेखापरीक्षण कायद्याने संघीय अनुदान घेणाऱ्या स्थानिक संस्थांचे सर्व अनुदानांसाठी मिळून एकच लेखापरीक्षण सुरू केले. त्यात आकड्यांबरोबर अंतर्गत नियंत्रणेही तपासली जातात. अनेक योजनांची वेगवेगळी प्रमाणपत्रे देणाऱ्या भारतीय महानगरपालिकांच्या संदर्भात ही पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. एका योजनेचे देयक दुसऱ्या योजनेत गेले तर ते सर्व योजना एकत्र पाहणाऱ्यालाच दिसते.

सुव्यवस्थित लेख्यांचा लाभ अनुदानापुरता मर्यादित राहत नाही. सुरत महानगरपालिकेने २०१९ मध्ये २०० कोटी रुपयांचे रोखे विक्रीस काढले. रोखे घेणारा गुंतवणूकदार आधी लेखे पाहतो. अनुदानाच्या निमित्ताने लागलेली शिस्त अशा वेळी शहराची पत बनते.

अध्यापनातील उपयोग

कम्युनिटी कॉलेजांतून लेखा सहायक, कार्यालयीन सहायक, स्थापत्य पर्यवेक्षक अशा कामांसाठी विद्यार्थी तयार होतात. यांतीलच काही पुढे नगरपालिका, शिक्षण समिती किंवा ठेकेदाराच्या कार्यालयात देयकावर पहिली नोंद करणार असतात. वर दिलेले ९.२० कोटींचे उदाहरण वर्गात देऊन प्रथम केवळ रोकडवही दाखवावी व टक्केवारी काढण्यास सांगावे. त्यानंतर अग्रिम, ठेव व दुबार देयकाची माहिती द्यावी आणि पुन्हा टक्केवारी काढून घ्यावी. शेवटी एकच प्रश्न विचारावा : ही प्रत्येक चूक कोणत्या टेबलावर, कोणत्या दिवशी थांबवता आली असती? उत्तरांतून नियंत्रणाचा अर्थ विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होतो. महाविद्यालयाच्या स्वतःच्या अनुदानाची नोंदवहीही, प्राचार्यांच्या संमतीने, या पाठाचे उत्तम साधन ठरू शकेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, उपयोगिता प्रमाणपत्र हा हिशेबाचा शेवट असतो. त्याचे खरेखोटेपण सुरुवातीलाच ठरलेले असते. ज्या दिवशी देयकावर योजनेचा क्रमांक पडला, ज्या दिवशी खड्ड्यातील नलिका मोजली गेली, ज्या दिवशी अर्जावर वस्तीचे नाव लिहिले गेले, त्या दिवसांच्या नोंदी नीट असतील तर प्रमाणपत्र वह्यांमधून आपोआप तयार होते. त्या नोंदी नसतील तर प्रमाणपत्राला जुळतील अशा वह्या नंतर तयार कराव्या लागतात. पहिल्या पद्धतीत हप्ता कधी उशिरा येईल, पण कोसाडसारख्या वसाहतीतील घराचा आणि त्यावर खर्च झालेल्या रुपयाचा मेळ बसेल. दुसऱ्या पद्धतीत हप्ता वेळेवर येईल आणि घराचा शोध लेखापरीक्षकाला घ्यावा लागेल. नमुन्यातील त्या छापील विधानाखाली सही करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो आयुक्त असो वा प्राचार्य, आपल्या कार्यालयात यांपैकी कोणती पद्धत चालते हे सहीपूर्वी तपासून घेणे अगत्याचे आहे.